रोमचं तेल

रोमहून परतलेल्या माणसाच्या हातात जपमाळ असावी, अशी गास गावच्या लोकांची साधी अपेक्षा होती. हिलरीच्या हातात मात्र टोमॅटो होता.

शाळा सुटल्यावर सालोमी घरी निघाली होती. गावच्या शाळेत ती पहिलीच्या पोरांना शिकवायची, आणि दिवसभर पाढे ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. केळीच्या वाडीतली पायवाट बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाने वळते, त्या वळणावरच तो पाण्यात पाय सोडून बसला होता. पावाचे दोन तुकडे करून त्यावर अर्धा टोमॅटो चोळत होता, अगदी मन लावून, दुखऱ्या पाठीला मलम चोळावं तसा. मनगटापर्यंत लाल रस ओघळला होता.

खरं तर तिने मान खाली घालून पुढे जायचं. हिलरी आता फादर होणार, हे गावाने ठरवून टाकलं होतं, आणि होणाऱ्या फादरशी पोरीबाळींनी वाटेत गप्पा मारत उभं राहू नये एवढं कुणालाही कळतं.

"मीठ आहे का गं?" मान वर न करताच त्याने विचारलं.

"शाळेत मीठ कोण घेऊन जातं?"

"मग बस. अळणीच खाऊ."

सालोमी बसली. चांगली दोन हात लांब बसली, पण बसली.

हे रोमचं प्रकरण त्याच्या आत्याचं. रोझमेरी आत्या विधवा, पोरबाळ नाही, हाताशी चार पैसे आणि पदरात मोठी भक्ती. १९५० हे पवित्र वर्ष म्हणून जगभरचे भाविक रोमला निघाले, तशी आत्याही निघाली. आणि पेट्या उचलायला भाच्याला बरोबर घेतलं. संत पेत्राच्या कबरीपाशी प्रार्थना करायची आणि या पोराला देवाच्या हवाली करायचं, असा तिचा नवस होता. मुंबईहून बोटीने नेपल्स, तिथून आगगाडीने रोम. दिवाळीच्या सुमारास दोघं परत आली. आत्या वाळली होती आणि हिलरीचे गाल वर आले होते.

का, ते सालोमीला त्या दिवशी बावखलावर कळलं. आत्याची अर्धी पेटी उन्हात वाळवलेल्या सुकेळ्यांनी आणि सुक्या बोंबलांनी भरलेली होती, आणि परदेशात तिने दुसऱ्या कशाला तोंड लावलं नाही. ज्या मठात ते उतरले होते तिथल्या सिस्टर बिचाऱ्या बोंबलाच्या वासाचा उगम शोधत दिवसभर खिडक्या उघडत फिरायच्या. आत्या चर्चमध्ये गुडघे टेकायची, आणि हा मागच्या गल्लीत गवंड्या-सुतारांच्या पंगतीला. भाषा येत नव्हती, पण भूक दाखवायला भाषा कुठे लागते? तिथे शेवया गोड नसतात, तिखटामिठाच्या असतात, आणि काट्याला गुंडाळून खातात. रस्त्यावर शेगडी मांडून एक फळ भाजतात, ते सोलून खाल्लं की थेट आपल्या भाजलेल्या आठळ्यांची आठवण येते. बकरीच्या दुधाचं चीज तर वासाला आत्याच्या बोंबलालाही हार जात नाही. आणि नेपल्सच्या धक्क्यावर जाळी विणत बसलेले म्हातारे बघून त्याला वाटलं, आपण आपल्या कोळ्यांच्या पाचूबंदरलाच उतरलो की काय. त्यांनीच त्याला पहिल्यांदा हा टोमॅटो चोळलेला पाव दिला.

बोलताना तो पावाकडे बघत होता की तिच्याकडे, ते सालोमीला शेवटपर्यंत कळलं नाही. दर वेळी ती वर बघायची तेव्हा त्याची नजर नुकतीच कुठून तरी परत आलेली असायची. त्याने तुकडा पुढे केला. तिने खाल्ला.

"कसं लागतं?"

"टोमॅटोसारखं."

तो हसला. "लागणारच. यात एक वस्तू कमी आहे."

"मीठ."

"मीठ नाही..." तो थांबला. यावेळी मात्र तो सरळ तिच्याकडेच बघत होता. "उद्या कळेल तुला."

त्या संध्याकाळी सालोमीने भात करपवला. आईने कारण विचारलं, तर तिला कारणही धड सांगता येईना. फादर व्हायला निघालेला पोरगा एका पोरीला काठावर बसवतो, उष्ट्या सुरीने पाव कापून देतो आणि एक वस्तू कमी आहे म्हणून तिच्या डोळ्यांत बघतो — याचा अर्थ लावायचा तरी काय? आणि अर्थ लावायची आपल्याला एवढी घाई का झाली आहे? लहानपणी याच हिलरीने तिच्या वेणीला खेकडा लावला होता, तेव्हा अर्थबिर्थ काही लावावा लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर दारात चपलांचा ढीग. आत घरच्या देवाच्या आल्तारावर मेणबत्त्या पेटवलेल्या, शेजारणी गुडघ्यांवर, आणि मरियेच्या मूर्तीशेजारी एक उंच बाटली. बाटलीत हिरवट सोनेरी तेल. वरच्या कागदावर निळ्या पदराची बाई, तिच्या डोक्यामागे सोनेरी वर्तुळ, आणि खाली कुणालाही न लागणारी अक्षरं.

"हिलरी आला व्हता," तिची आई आल्बिना कुजबुजली. तिचा चेहरा उजळला होता. "म्हनाला, रोमचं तेल हाय, सालोमीला द्या. एवढंच बोलला आनि पळाला. एवढी पवित्र वस्तू, बाय, आनि आपल्या घरी."

पवित्र तेल म्हटलं की गासच्या माणसाला एकच तेल ठाऊक. फादर आजाऱ्याच्या कपाळाला लावतात ते. ते रोमहून आलेलं, म्हणजे तर बोलायलाच नको. सालोमीनेही गुडघे टेकले. काल कमी होतं ते हे होतं तर. त्याच्या आयुष्यात आता देव तेवढा यायचा राहिला होता, आणि तो येतो आहे, हे त्याने तिला अशा रीतीने कळवलं होतं. किती सभ्य माणूस. तिला त्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या कुठल्या पोरीसाठी तो जात असता तर सालोमीने चार शब्द सुनावले असते, निदान त्या पोरीच्या नाकाला नावं ठेवली असती. देवाशी भांडायचं कसं? तिला हिलरी हवा होता. हे तिला आत्ता, मेणबत्तीच्या धुरात, शेजारणींच्या मध्ये बसून स्वच्छ कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

इकडे तेलाने आपलं काम सुरू केलं. शेजारच्या म्हाताऱ्या फ्रान्सिसचा गुडघा पावसाळ्यापासून धरलेला. आल्बिनाने प्रार्थना म्हणत त्यावर चार थेंब चोळले, आणि दोन दिवसांत म्हातारा नालासोपाऱ्याच्या बाजारापर्यंत चालत जाऊन आला. भक्तिभावाने चोळलं की कुठलाही गुडघा थोडंफार ऐकतोच, पण हे गावाला सांगणार कोण? मग कुणाची अर्धशिशी आली, कुणाचं रडकं पोर आलं, आणि एकाने तर आटलेली म्हैस दारात आणून बांधली. बाटली खाली खाली जाऊ लागली. सालोमीने मात्र एकदाही तिला हात लावला नाही.

रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात हिलरीने तिला गाठलं. नवा सदरा, कपाळावर घाम.

"घेतलीस चव?"

"कशाची?"

"तेलाची."

सालोमी बघतच राहिली. हा आपली परीक्षा घेतोय की याचं डोकं फिरलंय? "असं बोलू नये हिलरी," ती हळूच म्हणाली. "मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. माझी तेवढी लायकी नाही."

त्याचा चेहरा उतरला. नको असलेलं स्थळ मुलीकडचे याच शब्दांनी परत पाठवतात, हे सालोमीच्या फार उशिरा ध्यानात आलं. आणि तरीही, स्थळ? कसलं स्थळ? त्याने काही विचारलंच कुठे होतं?

"बरं," तो म्हणाला. "मग... उद्या सकाळी मी आत्याबरोबर जातो. सेमिनरीत."

"जा." देवाकडे निघालेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं असतं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दोघं दोन दिशांना गेली. तिने फाटकापाशी मागे वळून पाहिलं, तर तोही वळून बघत होता. मग दोघांनीही बघितलं नसल्यासारखं केलं.

आल्बिनाच्या घरी रोमचं पवित्र तेल वाटलं जातंय, ही बातमी एव्हाना फादर पास्कलच्याही कानावर गेली होती. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या गावात असं काही वाटलं जाणं त्यांना रुचण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी झगा सावरत ते स्वतःच आले. त्यांनी आल्तारावरून बाटली उचलली, दिव्याजवळ धरली आणि लॅटिनच्या आधाराने खालची अक्षरं लावू लागले. मग बूच काढून वास घेतला. मग तळहातावर थेंब घेऊन चाटला. आल्बिनाने छातीवर क्रूस केला.

"आल्बिना," फादर म्हणाले, "घरात पाव आहे का?"

पाव आला. फादरांनी त्यावर तेल घातलं, मीठ भुरभुरलं आणि डोळे मिटून खाल्लं. हे ऑलिव्हचं खायचं तेल आहे, त्यांनी सांगितलं; तिकडे लोक पावावर घालून खातात, आणि पाव टोमॅटो चोळलेला असेल तर विचारूच नका. निघताना दारात थांबून म्हणाले, फ्रान्सिसला एवढ्यात सांगू नका, गुडघा परत धरेल.

आल्बिना शरमेने मटकन खाली बसली. सालोमी दाराची चौकट धरून उभी होती. पाव. टोमॅटो. एक वस्तू कमी आहे. उद्या कळेल. घेतलीस चव? सगळं एकामागून एक जागेवर बसत गेलं, आणि तरी एक गोष्ट काही बसेना. त्याने तेल दिलं ते नुसतं तेल म्हणून, की... बाटलीत बोटभर तेल उरलं होतं.

सकाळी तिने पाव निखाऱ्यावर भाजला, टोमॅटो चोळला, यावेळी मीठ विसरली नाही, आणि बाटली उपडी करून शेवटच्या थेंबापर्यंत तेल ओतलं. केळीच्या पानात दोन तुकडे घेऊन ती जवळजवळ पळतच निघाली. हिलरीच्या दारात टांगा उभा होता. पेटी चढली होती, आत्या जपमाळ घेऊन आत बसली होती, आणि हिलरीचा एक पाय पायरीवर होता.

"थांब जरा," सालोमी म्हणाली. आत्या ऐकत होती, ऐकू दे. "चव घ्यायची राहिली होती माझी."

आणि त्याच्यासमोर उभं राहून तिने पहिला घास घेतला. आधी कोवळ्या पाल्यासारखं काही तरी लागलं, मग किंचित कडवट, आणि गिळल्यावर घशात मिरीसारखी बारीकशी चुणचुण. तिने नाक मुरडलं. मग लगेच दुसरा घास घेतला. उरलेला तुकडा त्याच्या हातात देत तिने सगळं सांगून टाकलं — आल्तार, मेणबत्त्या, फ्रान्सिसबाबाचा गुडघा, म्हैस. हिलरीला हसता हसता टांग्याचं चाक धरावं लागलं.

"म्हणजे त्या दिवशी कमी होतं ते तेलच?" तिने विचारलं. आवाज जरा पडलाच.

"तेलच."

"नुसतं तेल..."

तो हसायचा थांबला. "तिथे रोज हे खायचो ना, तेव्हा वाटायचं, सालोमीला दिलं तर ती आधी नाक मुरडेल आणि मग दुसरा घास घेईल. आत्ता घेतलास तसाच." त्याने टांग्याकडे एकदा पाहिलं, आणि मग पाहायचं सोडून दिलं. "संत पेत्राच्या कबरीपाशी आत्या म्हणाली, डोळे मीट आणि हाक ऐक. मी ऐकत होतो गं, अगदी मनापासून. पण डोळे मिटले की तूच दिसायचीस. मला वाटलं, तुला तेल दिलं की तुला कळेल."

"तेलावरून कसं कळणार रे?"

"ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही."

टांग्यात जपमाळेचे मणी वाजायचे थांबले होते. "तो दुसरा तुकडा इकडे दे," आत्या म्हणाली. तिने खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. "हे असलं तिथे मिळत होतं, आणि मी सुकेळी खात बसले?" मग ती सालोमीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. "मी देवाला सांगितलं होतं, पोराला हाक मार म्हणून. कुणाच्या तोंडून मार, ते सांगायचं राहिलं."

तिने टांगेवाल्याला पेटी खाली उतरवायला सांगितली.

त्याच संध्याकाळी आत्या रीतसर मागणी घालायला आल्बिनाच्या घरी आली. सगळं ठरून पाहुणे गेल्यावर सालोमी बघते तर आईने ती रिकामी बाटली घासूनपुसून पुन्हा आल्तारावर ठेवलेली, शेजारी मेणबत्तीही पेटवलेली.

"आय, ते खायचं तेल होतं. फादरांनी सांगितलं ना?"

"ते फादरांचं ते जानोत," आल्बिना म्हणाली आणि मेणबत्ती सरळ करून तिने गुडघे टेकले. "सेमिनरीच्या वाटेला लागलेला पोरगा दारातून मागं फिरला आनि माझा जावई झाला. आता ह्याला तू काय म्हनशील?"

 आईच्या शेजारी सालोमीनेही गुडघे टेकले.