सातव्या बाटलीची रेघ

"अरे, वाकू नकोस! तोल गेला तर तुलाच बाटलीत भरून न्यावं लागेल!" थोरली ओरडली.

लांब काठीला बांधलेला डाव मधल्या प्रश्नोबाने नाल्याच्या काळ्या पाण्यातून जपून वर घेतला. धाकटीने नाक मुरडीत बाटली पुढे केली, झाकण घट्ट लावले आणि पाण्याच्या पातळीवर निळी रेघ ओढली. भावाने वाटेत पाणी सांडलेच, तर पुरावा असावा, एवढाच तिचा हेतू!

ही सातवी बाटली. मावशीकडे आलेल्या या तिघा भावंडांची सुट्टी नाल्यांच्या काठीच चालली होती. कारण मामा रुग्णालयात होता. पायाने शिवणयंत्र चालवून ज्याने तिघांना अंगभर कपडे घातले, त्या मामाच्या उजव्या पावलाची जखम चिघळली होती, आणि तिच्यातले जंतू कोणत्याही औषधाला दाद देत नव्हते.

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मावशीला एकच वाट दिसत होती. "जंतूंनाही खाणारे विषाणू असतात, बाळांनो. ते जंतूंच्याच वस्तीत राहतात. जिथे घाण, तिथे जंतू. जिथे जंतू, तिथे त्यांचा काळ."

परंतु सहा बाटल्या निष्फळ ठरल्या होत्या. काचेच्या तबकडीत मावशी मामाच्या जखमेतले जंतू वाढवी आणि त्यांवर नाल्याचे गाळलेले पाणी थेंबाथेंबाने सोडी. हवा तो विषाणू असता, तर त्या पांढुरक्या थराला भोके पडली असती. थर अखंडच राही. शल्यचिकित्सकांनी गुरुवार ठरविला होता. पाऊल कापावे लागणार होते.

प्रयोगशाळेसाठी बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू एक रात्र रुग्णालयाच्या कोठीत राहून, कोठीवाल्या काकांचा शिक्का घेऊनच आत जावी, असा नियम होता. मंगळवारी सकाळी सातवी बाटली कोठीतून सुटली.

"ताई! पाणी वाढलंय!" धाकटी किंचाळली.

"बाटलीत पाऊस पडला वाटतं!" प्रश्नोबा हसला, पण ते हसू ओठांवरच विरले. पाणी निळ्या रेघेच्या वर चढले होते!

"कोठीवाले काका?" तो पुटपुटला. "छे! ते तर रोज मामाची चौकशी करतात."

"आधी डोळ्यांनी पाहू, मग तोंडाने बोलू," थोरली म्हणाली.

त्यांनी नळाच्या पाण्यात चहाचा चोथा कालवला आणि ती बाटली 'नाल्याची' म्हणून कोठीत दिली. त्याच नाल्याच्या पाण्याची खरी बाटली मात्र थोरलीने मामाच्या दोऱ्यांच्या डब्यात दडवून थेट मावशीकडे पोचविली! इकडे दोघे धाकटे खिडकीखाली दबा धरून बसले.

काकांनी झाकण उघडले. मोठ्या निष्ठेने टोपणभर जंतुनाशक मोजून आत ओतले.

"काका, हे काय केलंत!" धाकटीला राहवेना.

काका दचकले, मग ताठ झाले. "काय केलं म्हणजे? सव्वीस वर्षं या दारातून एकही जंतू आत जाऊ दिला नाही मी!"

"जाऊ दिला नाहीत, तेच तर दुखणं आहे!"

धावत आलेल्या मावशीला सारे उमगले. "या जंतुनाशकाचा जोर रात्रभरात त्या घाणीतच जिरून जायचा, माझ्या तबकडीतल्या जंतूंना काहीच व्हायचं नाही, म्हणून मला कधी कळलंच नाही. काका, ज्याला मी शोधत होते, त्यालाच तुम्ही दारात मारत होतात."

काकांनी टोपण खाली ठेवले. "मला वाटलं, मी तुमचं काम सोपं करतोय."

गुरुवारी पहाटे तबकडी उघडली. थरात भोके होती! पांढऱ्या कापडावर सुई टोचत जावी, तशी!

"सापडला! सापडला!" तिघेही नाचू लागले. मावशी नाचली नाही.

"हा विषाणू वाढवून शुद्ध करायला आठ दिवस लागतील," ती म्हणाली. "विष वर चढतंय. डॉक्टर आठ तासही थांबणार नाहीत."

"आणि पहिल्याच बाटलीत सापडला असता तर?"

प्रश्नोबाने विचारले. मावशीने तबकडीवर झाकण ठेवले.

दुपारी पाऊल गेले.

आठ दिवसांनी विषाणूंचे औषध सिद्ध झाले. तोवर विष गुडघ्याकडे सरकले होते. शल्यचिकित्सकांनी तिघांना जवळ बोलावले. "आम्हा मोठ्यांना जे दिसलं नाही, ते तुमच्या एका रेघेनं दाखवलं. शाबास! गुडघा वाचेल असं वचन मी देत नाही. पण वाचलाच, तर तुमच्यामुळे."

दाराशी उभे असलेले काका हलकेच म्हणाले, "पोरी, यापुढं प्रत्येक बाटलीवर रेघ मार. माझ्यावर नजर राहील." धाकटीने मान डोलावली, पण शाबासकीने तिचे डोळे कोरडे झाले नाहीत.

मामाने तबकडी मागून घेतली, भिंग लावून ती भोके कितीतरी वेळ न्याहाळली.

"इतकी बारीक सुई मला जन्मात मिळाली नाही रे," तो म्हणाला.

चादरीखाली त्याचा डावा पाय यंत्र चालविल्यासारखा लयीत हलत होता. उजवीकडे, शेवटाशी, चादर सपाट होती.