रिकामी रेघ

कॅप्सूलमध्ये भरायला आलेली औषधी मुळांची पूड तपासायची. लेबलावर लिहिलेलं मूळ तेच आहे का आणि त्यात दुसरं काही मिसळलंय का, एवढंच तिचं काम. पूड ठेवण्याआधी तपासणीचं यंत्र रिकामं चालवायचं. पडद्यावर रेघ सपाट यायला हवी. जवळ कुणी श्वास सोडला तरी रेघेला टोक येतं. म्हणून शेजारच्या स्टुलावर बसणाऱ्या ताई बटण दाबताना म्हणायच्या, "धर." रेघ पुरी झाली की, "सोड."

ताई निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेल्या. आता ती स्वतःच स्वतःला म्हणे. दिवसभरात तिच्या तोंडून बाहेर पडणारे बहुतेक शब्द हेच.

त्या आठवड्यात रिकाम्या रेघेला टोक येऊ लागलं.

"सर्दी झालीय का, बाई?" साहेबांनी विचारलं.

"मी श्वास धरते, साहेब."

"मग यंत्राला झाली असेल. मेकॅनिक म्हणतो, ठणठणीत आहे. आज अहवाल गेला नाही तर हे टेबल दुसऱ्या कुणाला देतो. तुम्ही वर बाटल्या मोजा."

या टेबलाखेरीज तिची वाट पाहणारं कुठं काही नव्हतं.

साहेब गेल्यावर तिनं खिडकी लावली, पंखा बंद केला. यंत्र चालू ठेवून बाहेर गेली आणि दाराच्या काचेतून पाहत राहिली.

रिकाम्या खोलीत टोक उमटलं. वाढलं. ओसरलं. पुन्हा वाढलं. झोपलेल्या माणसाच्या संथ लयीत.

तरी ती आत आली.

"कोण असाल ते," रिकाम्या स्टुलाकडे न बघता ती म्हणाली, "जरा धरा. नोकरीचा प्रश्न आहे."

टोक खाली बसलं. रेघ सपाट झाली.

तिनं घाईघाईनं पूड ठेवली. मूळ खरं होतं, पण त्यात पीठ मिसळलेलं स्वच्छ दिसत होतं. साहेबांनी अहवालावर सही केली.

"बघा, मनावर घेतलं की जमतं."

संध्याकाळी तिनं घराचं कुलूप काढलं, दिवा लावला. आरशासमोर चष्मा पुसताना हात थांबला.

सोड म्हणायचं राहिलं होतं.

तिला आधी भीती नाही, लाज वाटली. बिचारं किती ताटकळलं असेल.

"सोडा," ती हळूच म्हणाली, आणि सवयीनं स्वतःचे ओठ घट्ट मिटले.

आरशाची काच तिच्या कानाच्या उंचीवर धुरकटली, आणि बराच वेळ धुरकटतच राहिली.