दोन नाकं आणि एक रजा

कोपरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मधूकाकांचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्या स्टुडिओत एक काळा कोट आहे. पासपोर्टचा फोटो काढायला येईल त्या पुरुषाला मधूकाका तो कोट चढवतात. अर्धी कोपरी त्या एकाच कोटात साहेब होऊन परदेशी गेलेली आहे. त्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून मी व्हिसाचा फोटो काढायला गेले, तर एक उंच माणूस तो कोट हातात धरून उभा. घालत नव्हता. नाकाशी नेत होता, लांब धरत होता, परत नाकाशी नेत होता.

"काका, यात डांबरगोळी आहे," तो म्हणाला. "खोबरेल आहे. आणि कुणीतरी... बोंबील खाऊन आलेलं."

"तुला फोटो काढायचाय का पंचनामा करायचाय?" मधूकाका वैतागले.

मला हसू आलं. तो वळला आणि माझं हसू तिथेच अडकलं. हा तर रत्नदीप! पांढऱ्या कोटाशिवाय मी त्याला कधी बघितलंच नव्हतं, म्हणून पाठीवरून ओळखला नाही. नाकावरून ओळखायला हवा होता.

सांगते. वागळे इस्टेटमध्ये आमची एसेन्सची कंपनी आहे. बिस्किटातला व्हॅनिला, आइस्क्रीममधला आंबा, सरबतातला वाळा, हे सगळं आमच्याकडून जातं. मशीनं काहीही म्हणोत, माणसाने वास घेऊन 'ठीक' म्हटल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. कंपनीत अशी नाकं दोनच. सकाळी माझं, दुपारनंतर त्याचं. टेबल एक, खुर्ची एक. मी उठले की तो बसणार. मधल्या दहा मिनिटांत 'व्हॅनिला जरा जळका येतोय, बघा' आणि 'बरं, बघतो' एवढंच आमचं बोलणं. कामावर सेंट नाही, पावडर नाही, फुलं नाहीत, डब्यात कच्चा कांदा नाही. आणि आमचे साहेब महिपत सर, त्यांचा सगळ्यात कडक नियम म्हणजे दोन्ही नाकं एका वेळी रजेवर जाणार नाहीत.

"तुम्ही इथे?" मी विचारलं. "राहता ना ठाकुर्लीला?"

"तिथला फोटोवाला बाबांचा दोस्त आहे. फोटो काढला असता तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीने विचारलं असतं, कुठे चाललास. कुठेच नाही अजून, नुसता पासपोर्ट काढून ठेवतोय." मग म्हणाला, "आणि तुम्ही?"

"मला रजा मिळालीये. ईस्टरनंतर. सिंगापूर नाहीतर हनोई... ठरत नाहीये."

"सिंगापूर," तो लगेच म्हणाला. जसं काही मी त्याचं मत मागितलं होतं.

"का पण?"

"त्या शहराला वासच नाही म्हणे. आपल्या नाकाला सुट्टी नको?"

मी म्हटलं, हनोईत फुटपाथवर बुटकी प्लॅस्टिकची स्टुलं मांडलेली असतात, माणसं गुडघ्याला गुडघा लावून जेवतात, अनोळखी सुद्धा. मोबाइलवर बघितलंय मी. मध्यभागी मोठं तळं आहे.

"तळं बघायला हनोईला? आपल्या तलावपाळीच्या तळ्याने काय घोडं मारलंय?"

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि खरं म्हणजे मला तळं बघायचंच नव्हतं. मला ती स्टुलं हवी होती. पण हे त्याला, मधूकाकांच्या समोर, कसं सांगणार? मी माझा फोटो काढून घेतला. फोटोत माझ्या कपाळाला आठी आहे. ती आठी त्याच्यामुळे.

मम्माला जाऊन दोन वर्षं झाली. पपा त्याआधीच गेलेले. भाऊ डिनो मस्कतला, दर रविवारी फोन करतो आणि 'जेवलीस?' विचारतो. मी 'हो' म्हणते. ओट्याशी उभी राहून जेवते हे सांगत नाही. सोरपोतेल, आमचं डुकराच्या मटणाचं कालवण, एकटीसाठी कुणी करत नाही. करायला घेतलं तर कढई कमीत कमी आठ माणसांची लागते. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात सगळी कुटुंबं घोळके करून उभी राहतात आणि मी मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं आल्यासारखं तोंड करते. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. मला काही झाली नाही.

सोमवारी मी टेबलाचा ताबा देताना तो म्हणाला, "ठरलं?"

"नाही."

"सिंगापूर करा. हॉटेलची खोली, आपली एकट्याची. दार लावलं की लावलं."

"मला माझ्या घरात रोज दार लावून बसता येतं. ते बघायला विमानाने कशाला जाऊ?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मी आजपर्यंत एकटा एका खोलीत झोपलेलो नाही. एकदा पण नाही."

असं हळूहळू कळत गेलं. ठाकुर्लीच्या दोन खोल्यांत त्याचे बाबा सखाराम, आई शांताबाई, बहीण, मेहुणे, बहिणीची पोरं आणि तो. त्यांची प्रत्येक सुट्टी म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी. एकदा बुद्धगयेला गेले, तर सगळी चाळ बसमध्ये. "येताना-जाताना माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर," तो म्हणाला. "तिथे सगळे ध्यानाला बसले. मी पण डोळे मिटले. मनात काय आलं माहितीये? इथे किती शांत आहे, कुणी मला हाक मारू नका. तेवढ्यात आईने हाक मारली."

मी एवढी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आणि घरी जाऊन वाटलं, मला कुणी हाक मारून किती दिवस झाले.

दहा मिनिटांची वीस झाली. तो लवकर येऊ लागला, मी उशिरा निघू लागले. तिकिटांचा एजंट फोन करकरून थकला, 'मॅडम, काय ते एक सांगा.' मी म्हणायची, उद्या. ठरलं असतं तर बोलणं संपलं असतं ना. रत्नदीप सिंगापूरची बाजू लढवायचा, मी हनोईची. तो म्हणायचा, तिथे रस्त्यात चहा पण शिस्तीत मिळतो. मी म्हणायची, हनोईत कॉफीत अंडं फेटून घालतात.

"शी. त्याचा वास कसा येत असेल?"

"तुम्ही सांगा. तुम्हीच नाक."

त्याने डोळे मिटले. "कस्टर्डसारखा... खाली कडू कॉफी. वर साखर जराशी करपलेली." डोळे उघडले तेव्हा माझ्याकडेच बघत होता. "चांगला येत असेल."

आमची खुर्ची खालीवर होणारी आहे. तो उंच, मी ही एवढीशी. रोज सकाळी मी आले की ती टेकडीएवढी वर असायची आणि मी पुटपुटत खाली करायची. एका सकाळी आले तर खुर्ची माझ्या उंचीवर होती. मला वाटलं चुकून. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी ताबा देताना मी उठले, आणि जाताना खुर्ची वर करून ठेवली. त्याने बघितलं. रिक्षात बसल्यावर माझे कान तापले होते.

त्या आठवड्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. कुणी आधी म्हटलं ते आता दोघांनाही आठवत नाही.

मग एक दुपार अशी आली की मी म्हणून गेले, "तू पण चल ना."

"कुठे?"

"हनोईला. नाहीतर तुझ्या सिंगापूरला. कुठे पण."

तो हातातली वास घ्यायची कागदाची पट्टी उगीच दुमडत राहिला. "सेरेना, तू रजेवर म्हणजे मी दोन्ही पाळ्या करणार. मी रजेवर गेलो की तू. आपण दोघं एकत्र... तलावपाळीला पण जाऊ शकत नाही, रविवार सोडून."

"रविवार आहे की."

"रविवारी माझं घर असतं ना. अख्खं." मग हळूच म्हणाला, "त्यांना अजून सांगितलं नाहीये काही. काय सांगू, तेच कळत नाही."

मला तेच ऐकायचं होतं, काय सांगायचं ते. पण बाहेर मंजुळा पुढच्या मालाचे नमुने घेऊन उभी होती. मंजुळा पॅकिंगला आहे, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी पर्स उचलली आणि निघाले. घरी येऊन एका वाटीचा भात लावला आणि कुकरसमोर बसून रडले. भित्रा आहे, असं म्हटलं. मग म्हटलं, मी तरी काय सांगितलं त्याला? मी फक्त 'चल ना' म्हटलं. बसस्टॉपवर पण म्हणतात लोक.

त्याच संध्याकाळी एजंटला फोन केला आणि तिकीट काढायला सांगितलं. कुठलं, ते रत्नदीपला सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. चार दिवस आम्ही परत 'व्हॅनिला बघा', 'बघतो' वर आलो होतो.

रजेच्या आदल्या दिवशी मी पाळी संपवून घरी आले, बॅग भरायला घेतली. कपाटाच्या तळाशी डिनोने मस्कतहून पाठवलेली सेंटची बाटली मिळाली, कागदातून पण न काढलेली. एवढी वर्षं नोकरीपायी मी अंगाला साधी पावडर लावली नव्हती. आता सुट्टी. आता कोण विचारतंय? उघडली, मानेवर मारलं, मनगटावर मारलं, केसांवर मारलं. आरशात बघून म्हटलं, चल बाई, एकटी तर एकटी.

आणि मग पर्समध्ये नमुन्यांच्या फ्रिजची किल्ली सापडली. ती मी ताब्यात द्यायचीच विसरले होते. बाहेर काढलेले नमुने संपले की त्याचं काम बंद. मी तशीच रिक्षा पकडून वागळेला धावले. नाकाने पोट भरणाऱ्या माणसाने असं करावं? पण डोकं जाग्यावर नव्हतं.

लॅबच्या काचेच्या दाराला हात लावणार, तोच तो आतून ओरडला. "तिथेच थांब."

मी थांबले. टेबलावर व्हॅनिलाच्या पट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. फाटकाशी गाडी उभी होती, माल चढायचा बाकी होता. तो उठून दारापाशी आला. दार बंद, तरी फटीतून त्याला पोचलंच असावं, कारण त्याने डोळे मिटले.

"सेंट मारलायस."

"सॉरी. सुट्टी आहे ना... किल्ली द्यायची राहिली. खालून सरकवते, घे." मी वाकले.

"कुठे चाललीस ते तरी सांगून जा."

मी तशीच वाकलेली राहिले. मग उभी राहिले. "सिंगापूर."

"सिंगापूर?" त्याचा चेहरा पडला. "अगं, पण तुला तर हनोई हवं होतं. मी उगीच... माझ्या बोलण्यावर कशाला गेलीस?"

"तुझ्या बोलण्यावर नाही गेले." आवाज कापत होता, कापू दिला. "एकटं राहायला सिंगापूर बरं आहे. दार लावलं की लावलं, तूच म्हणालास. हनोईला गेले असते तर समोरच्या स्टुलावर भलताच कुणी बसला असता. मला तिथे तू हवायस. तू नसशील तर मला ते शहर बघायचंच नाही. घरी काय सांगायचं ते कळत नाही म्हणालास ना? हे सांग."

तो काचेच्या आणखी जवळ आला.

"आईला सांगायला हवं की तू मिस्साला जातेस," तो म्हणाला.

"सांग की. आणि तू दीक्षाभूमीला जातोस ते मी डिनोला सांगेन."

"आई आधी विचारेल, तिला मासे करता येतात का."

"माझ्याएवढे कुणाला नाही येत."

तो हसला. चार दिवसांनी हसला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पण हसले.

"एकत्र रजा नाही मिळणार, सेरेना. तिसरं नाक तयार होईस्तोवर तरी नाही."

"मंजुळाला शिकवू. तिला लांबून कळतं कुठल्या डब्यात काय आहे."

"वर्ष जाईल."

"जाऊ दे. मी काही हनोई आज बघितलंच पाहिजे असं नाही."

त्याने मागे वळून टेबलावरच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग खिडकीतून त्या गाडीकडे. या नोकरीत त्याने एकदाही गाडी थांबवलेली नाही. मी म्हणणार होते, नको, मी जाते, तू काम कर. तेवढ्यात त्याने कडी काढली आणि दार सताड उघडलं. माझा सगळा वास घेऊन मी आत गेले. तो माझ्या इतक्या जवळ उभा होता की मला पहिल्यांदा त्याचा वास कळला. साध्या साबणाचा होता, आणि थोडा घामाचा. मी त्याचा हात धरला.

दुसऱ्या हाताने त्याने महिपत सरांना फोन लावला.

"सर, व्हॅनिला आज निघणार नाही. नाही सर, मालाला काही झालेलं नाही, मला झालंय. आज मला दुसरा कुठलाच वास येणार नाही."

सर पलीकडून काहीतरी तावातावाने बोलत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. माझा हात सोडला नाही.

"उद्या नक्की निघेल, सर," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "उद्या ती इथे नसेल."