पांढऱ्या कापडाचा तुकडा

“पहिली बादली आचान वीरांवर,” कोपने जाहीर केलं. “दुसरी पण त्यांच्यावरच. तिसरी उरली तर बघू.”

सोंगक्रानची सकाळ होती. थाई नवं वर्ष लागलं होतं आणि अख्खं बान नोन काओ गाव एकमेकांना भिजवायला टपलं होतं. शाळेमागच्या चिंचेखाली कोप आणि त्याची सात वर्षांची मावसबहीण ओई बादल्या भरत होते. कोप म्हणजे बेडूक. आईने लाडाने ठेवलेल्या या नावाला तो रोज जागायचा.

तेवढ्यात ओईची मोठी बहीण चंपी आली. तिने बादल्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बाबांना घरी बसवलंय,” ती म्हणाली. “बाळाचं मडकं नाहीसं झालंय.”

ओईच्या हातातला मग खाली पडला.

गावाबाहेरच्या टेकाडावर सुट्टी लागल्यापासून खोदकाम चाललं होतं. आचान म्हणजे गुरुजी. शहरातून आलेले आचान वीरा मुलांना ब्रश देऊन माती झाडायला बसवत आणि दुपारी याच चिंचेखाली शिकवत. तीन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं काय खात, काय पेरत, मडकी कशी रंगवत हे त्यांना तोंडपाठ होतं. स्वतः सकाळी जेवलो की नाही, हे मात्र आठवत नसे. चष्मा कपाळावर चढवून ते चष्मा शोधत.

ते मडकं चंपीच्याच ब्रशखाली वर आलं होतं. लाल वेटोळ्यांचं, कलिंगडाएवढं, आणि आत एका तान्ह्या बाळाची हाडं. मनगटापाशी काशाचं कडं, चंपीच्या अंगठीहून जेमतेम मोठं. “याची आई कुठेय?” असं ओईने तेव्हा आचानांना विचारलं होतं.

सगळं सामान शाळेच्या एका खोलीत असे आणि खोलीची किल्ली राखणीला असलेल्या चंपीच्या बाबांकडे. आज सकाळी आचानांनी बाबांकडून दार उघडून घेतलं तर टेबल रिकामं होतं. कुलूप शाबूत होतं. म्हणजे संशय एकाच माणसावर जात होता. जुनी मडकी विकत घेणारे लोक मागच्या आठवड्यात गावात फिरून गेले होते, तेही लोकांना नेमकं आत्ताच आठवलं. संध्याकाळपर्यंत मडकं मिळालं नाही तर पोलिसांना कळवावं लागेल, असं आचानांनी बाबांना सांगितलं होतं, तेही मान खाली घालून. बाबांनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि घरी येऊन मासे धरायची टोपली विणायला घेतली.

“ते जेवायलाही उठत नाहीत,” चंपी म्हणाली. “नुसते विणतायत. टोपली वाकडी होतेय, तरी विणतायत.”

बाबांची टोपली कधी वाकडी होत नसे. कोपने बादली ठेवून दिली.

खोलीत आचान एकटेच डोकं धरून बसले होते. मुलांना त्यांनी अडवलं नाही. चंपीने त्यांना काल काय काय झालं ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. दुपारी वादळ आलं, छपराचा पत्रा उचकटला. बाबा वर चढून पत्रा दाबून बसले. बाकी सगळ्यांनी खोकी उचलून समोरच्या विहाराच्या मंडपात नेली आणि पाऊस ओसरल्यावर परत आणली. एकही खोकं कमी नव्हतं.

“पण मडकं खोक्यात नव्हतंच,” कोप म्हणाला. “ते वाळत ठेवलं होतं ना?”

“टेबलावर. कोरड्या कोपऱ्यात. ते मी हलवलंच नाही,” आचान म्हणाले. “बहुतेक.”

त्या ‘बहुतेक’वर चंपीने कान टवकारले. तेवढ्यात ओईला खिडकीखाली पांढऱ्या कापडाचा तागा दिसला. त्याची कड वेडीवाकडी फाटलेली होती.

“आचान तर नेहमी कात्रीने कापतात,” ओई म्हणाली.

आचानांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तागा हातात घेतला. हे कापड फक्त हाडं गुंडाळायला वापरतो, ते म्हणाले, पण काल कधी फाडलं, कशासाठी, काहीच आठवेना. काल त्यांना ताप होता आणि वर पाऊस.

चंपी मात्र खिडकीतून विहाराकडे पाहत होती. मंडपात बायाबापड्यांची रीघ लागली होती. प्रत्येकीच्या हातात आपल्या गेलेल्या माणसाच्या अस्थींचा कलश होता, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. आज त्यांच्यावर सुगंधी पाणी घालायचं, भिक्खूंनी मंत्र म्हणायचे.

“कोप,” ती हळूच म्हणाली, “आजच्या सणाला पांढऱ्या कापडातली हाडं मंडपात सापडली, तर आपल्या गावातलं माणूस ती कुठे ठेवील?”

उत्तर द्यायला कोप थांबलाच नाही. तो पळत सुटला होता.

मंडपाच्या टोकाला एक बुटकं टेबल असतं. ज्यांचं मागे कुणी उरलं नाही, त्यांचे कलश तिथे ठेवतात. त्यांचं सगळं याय ब्वा करायची. याय ब्वा म्हणजे साऱ्या गावाची आजी. मुलं पोहोचली तेव्हा तिच्या हातातलं मोगऱ्याच्या पाण्याचं भांडं तिरकं झालं होतं. खाली पांढरं कापड सोडलेलं, त्यातून लाल वेटोळी दिसत होती. मडक्याच्या गळ्यात दोरा बांधला होता, बाळाच्या मनगटाला बांधतात तसा.

“याय, थांब!” चंपीने तिचा हात धरला. “पाणी नको घालूस. हेच ते मडकं. सगळा गाव शोधतोय ते!”

याय ब्वाने भांडं खाली ठेवलं. काल वादळानंतर तिला हे खांबापाशी सापडलं होतं. कुणा आईला स्वतः पाणी घालायचा धीर झाला नसेल, म्हणून ती ठेवून गेली असेल, असं तिने धरलं. अशा आईला शोधायचं नसतं, काही विचारायचं नसतं. म्हणून ती कुणाला बोलली नव्हती.

“चोरीचं माझ्याही कानावर आलं,” ती म्हणाली. “पण तुम्ही मडकं शोधत होतात गं. माझ्याकडे तर बाळ होतं.”

मागून धापा टाकत आलेले आचान मडक्यासमोर खाली बसले. त्या खांबाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं आठवलं. कापड त्यांनीच फाडलं होतं, मडकं छातीशी धरून त्यांनीच आणलं होतं, आणि भिजणारी खोकी दिसताच खांबाशी ठेवून ते पुन्हा पावसात धावले होते.

“पाण्याने हाडं विरघळतील,” ते कसेबसे म्हणाले.

“मग याला पाणी कोण घालणार?” याय ब्वाने विचारलं. “बाकी सगळ्यांना मिळालं.”

चंपीने एक परात आणून मडक्यासमोर ठेवली. गावापासून दूर असलेल्या माणसाच्या नावाने आपण असंच समोर परातीत पाणी घालतो ना, ती म्हणाली. आचानांनी मान हलवली. पहिलं पाणी याय ब्वाने घातलं, मग चंपीने, कोपने, आणि दोन्ही हातांनी भांडं धरून ओईने.

“याची आई आली नाही ना, म्हणून आम्ही आलो,” ओईने भिक्खूंना सांगितलं. म्हाताऱ्या भिक्खूंनी हसून तिच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. तिघांनी आज दोन घरांची लाज राखली, ते सगळ्यांदेखत म्हणाले, एक आत्ताचं आणि एक फार जुनं.

मग कोप बाबांना घेऊन आला. त्यांच्या हातात ती वाकडी टोपली तशीच होती. आचान उठले, मोगऱ्याचं पाणी घेतलं आणि बाबांपुढे गुडघे टेकले. सोंगक्रानला लहानांनी मोठ्यांच्या हातांवर पाणी घालून क्षमा मागायची असते. बाबा त्यांच्याहून वयाने मोठे होते, पण एवढा शिकलेला माणूस आपल्या पायाशी पाहून ते गोंधळले.

“दादा, चूक माझी, आणि घरी बसवलं तुम्हाला,” आचान म्हणाले. “माफ करा.”

बाबांनी टोपली खाली ठेवली आणि हात पुढे केले. पाणी ओंजळीतून गळत होतं आणि बाबा रडत होते. चंपीने बाबांना असं कधी पाहिलं नव्हतं. तीही रडली.

“आचान,” कोपने जरा वेळाने अदबीने विचारलं, “आता बादली ओतली तर चालेल?”

आचानांनी चष्मा काढून याय ब्वाकडे दिला आणि डोळे मिटून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सामानाची गाडी शहराकडे निघाली. आचान प्रत्येक वस्तू झाडूनपुसून खोक्यात घालत, पण मडक्याच्या गळ्यातला दोरा त्यांनी काढला नाही. मडकं खोक्यातही घातलं नाही. पुढच्या सीटवर त्यांनी बाबांना बसवलं आणि मडकं त्यांच्या मांडीवर दिलं. पुढच्या सोंगक्रानला ते तुमच्याच मांडीवरून परत येईल, असा शब्दही दिला.

“त्याला गार वारा लागू देऊ नका,” याय ब्वाने खिडकीतून बजावलं.

गाडी टेकाडाला वळसा घालून दिसेनाशी झाली, तोवर बाबांचा एक हात मडक्यावरच होता.