विहिरीचं पाणी

पहिल्याच भेटीत मी त्याला झापलं. माझ्या प्रयोगशाळेत तपासायला नदीचं पाणी त्यानं चक्क सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून आणलं होतं!

"तणनाशक प्लॅस्टिकला चिकटून बसतं. मग पाण्यात मी काय शोधू? तुमचा चेहरा?"

"सापडला तर सांगा," तो म्हणाला. आणि वर हसलासुद्धा.

नदीच्या पाहणीसाठी नव्यानं नेमलेला हा माणूस. पुढच्या गुरुवारपासून काचेच्या तपकिरी बाटल्या बर्फात घालून, तान्ह्या बाळासारख्या जपत आणू लागला. मी पाणी गाळून यंत्राला द्यायची, तो स्टुलावर बसून पडद्यावरची रेघ बघायचा. रेघ उंच उसळली की समजायचं, तणनाशक आहे. इकडे जिन्यात त्याची पावलं वाजली की माझं काळीज उसळायचं, त्याचं काय? दर गुरुवारी मी आरशासमोर जरा जास्तच रेंगाळायची.

मग पाहणी संपली. आता तो कशाला येणार? शेवटच्या दिवशी तो दारात घुटमळला, एक बाटली पुढे केली.

"आमच्या विहिरीचं पाणी... घरचं आहे. तपासाल?"

तपासलं. रेघ सपाट! मला बरं वाटलं, आणि वाईटही. असा अहवाल न्यायला माणूस एकदाच येतो. सवयीनं क्षारही मोजले, तर आकडा शून्याच्या पुढे सरकेना. जमिनीतलं पाणी आणि क्षारांचा पत्ता नाही? हे तर बॅटरीत घालायचं, दुकानातलं पाणी! मी एकटीच खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी तो आला. मी तोंड गंभीर केलं.

"तुमची विहीर बघावी लागेल."

त्याचा चेहरा पडला. "का? तणनाशक निघालं?"

"काहीच निघालं नाही. विहिरीत बॅटरीचं पाणी कोण ओतून गेलं?"

त्याचे कान लालबुंद झाले. "यायला निमित्त हवं होतं, पण नदीचं म्हणून खोटं पाणी आणवेना... तुमच्या कामाशी खेळ नको. म्हणून विहीर."

"विहीर आहे तरी का?"

"नाही. नळ आहे, पण त्याचं पाणी तुम्ही लगेच ओळखलं असतं. आणि आई आहे — ती रोज विचारते, एवढ्या जपून बाटल्या नेतोस, त्या उघडतं कोण?"

मला हसू आवरेना. तो मात्र खाली मान घालून उभा.

"अहवाल... द्याल ना?"

"तोंडीच देते," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता. उद्यापासून बाटली नको. नुसते या."