नाव काढलं ते

ओसरीत छातीएवढा कापूस रचला होता. बोंडअळीनं अर्धा पिवळा पाडलेला. त्यालाच टेकून प्राची लॅपटॉपवर लिहीत होती. चिखलीच्या कॉलेजात ती संगणकाची सी भाषा शिकवायची, आणि इंग्रजीला बिचकणाऱ्या पोरांसाठी एकेका फंक्शनची माहिती मराठीत उतरवायची. आज पाळी होती फाइल पुसणाऱ्या ‘रिमूव्ह’ची.

तिनं लिहिलं : ‘लिनक्सवर हे फंक्शन फाइलचं नाव काढून टाकतं. मात्र कुण्या प्रोग्रॅमनं ती उघडून धरली असेल, तर आतला मजकूर तो सोडेपर्यंत टिकतो.’

उदाहरणाला एक फाइल हवी होती. समोर बाबा किडकी बोंडं फोडून बघत बसले होते. थट्टा कुठवर करावी याला काही धरबंध? तिनं फाइलला बाबांचंच नाव दिलं, ‘कडूबा’.

“बाबा, तुम्हाले पुसू काय?”

“पूस वं माय! अळी तं पुसल्या जात नाई, मलेच पूस.”

तिनं प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं शून्य. म्हणजे काम फत्ते.

घरात काहीच बदललं नाही. आतून रुक्मिणीबाईंनी, प्राचीच्या आईनं, रोजच्यासारखं विचारलं, “अहो, चहा टाकू का?” जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, तिला काय कळणार!

कळलं ते शेजारच्या अन्नपूर्णाबाईला. बाबांच्या जन्माला सुईण हीच होती. अंगणात येऊन म्हातारीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि ते उघडंच राहिलं.

“अवं, याचं नाव काय वं?”

प्राचीला हसू आलं. सांगायला गेली, तर नाव आठवेना. बाबा तिच्याकडे बघत होते.

“माह्यं नाव...” त्यांच्या हातातलं बोंड खाली पडलं.

म्हातारी ओसरीवर चढली. “याच्या आंधीचे दोघं भाऊ पाळण्यातच गेले. मरनाले किळस यावी म्हणून याले वंगाळ नाव ठेवलं होतं. कोनं काढलं ते? कोनं?”

घरामागच्या कपाशीतून एका लेकरानं हाक दिली. “ये ना रे.”

“आलो,” म्हणत बाबा उठले.

प्राचीनं झडप घालून त्यांचा हात धरला. धरलेलं टिकतं. तिनंच तर लिहिलं होतं!

दुसऱ्या हातानं, उदाहरणात बघून, एकेक अक्षर जुळवत तिनं त्याच नावाची फाइल पुन्हा बनवली. बनली. रिकामी.

तेवढ्यात कपाशीतून बाबा आले. तोच सदरा, तीच चाल.

प्राचीच्या मुठीत बाबांचा हात तसाच होता.

म्हातारी तोंडात पदर कोंबून पळाली.

आई चहा घेऊन बाहेर आली. आलेल्याला म्हणाली, “आले का? बसा.” प्राचीशेजारी तिची नजर थांबलीच नाही.

“आई, बाबा हे आहेत! म्या धरून ठेवले!”

“काय धरलं वं? येडी झाली काय?”

मुठीतली बोटं आवळली. कानाशी बाबा कुजबुजले, “सोडू नको, माय.”

समोर बसलेल्यानं बशीवर फुंकर मारली. चहा हलला नाही.

“निवून राह्यला तुहा चहा,” आई म्हणाली. मग मायेनं तिनं प्राचीची बोटं एकेक करून उघडली आणि हातात कप दिला.