पिवळी वायर

विषय : बंद गाडीतील टेपमुळे बॅटरी उतरत असल्याबाबत.
संदर्भ : सौ. ललिता यांचे डायलिसिस, अकोला.

उपरोक्त विषयी नमूद करण्यात येते की, दर्यापूरचे निवृत्त लिपिक देवमन यांची गाडी नेमकी अकोल्याला निघायच्या सकाळीच सुरू होत नसे. पत्नी ललिताच्या डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या, पाय सुजले. फाइल थांबते तसं शरीर थांबत नाही, हे देवमनला नोकरी संपल्यावर कळलं.

दोष पिंटू इलेक्ट्रिशियनला लगेच सापडला.

"काकाजी, ही पिवळी वायर थेट बॅटरीवर हाय. चावी काढली तरी टेप करंट ओढूनच राहिला. कोणं केलं हे?"

"आमच्या स्वप्निलनं."

आई दुपारी अंगणातल्या गाडीत बसून गाणी ऐके. तिला चावी मागावी लागू नये म्हणून पोरानं तशी जोडणी केली होती. मागच्या साली तो तापानं गेला. ती अजून तिथंच बसायची.

"तोडू नका जी," ललिता म्हणाली. "त्याच्या हातचं तेवढंच उरलं."

"आन् तू उरशीन का?"

ती झोपल्यावर देवमननं वायर तोडून घेतली आणि टेप काढून माळ्यावर टाकला. पुढच्या पाळीला गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. इतक्या तत्परतेनं त्याचं कुठलंच काम आजवर झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पाणी प्यायला उठला. बाहेर उन्हानं गल्ली ओस पडलेली. तापलेल्या रेक्झिनचा वास येत होता, आणि गाडीतून बारीक आवाजात गाणं. ललिता डोळे मिटून बसली होती. समोर टेपच्या जागी नुसतं भोक.

"बंद कर ते..."

"मी कुठं लावलं? तोच लावून राहिला..."

देवमननं भोकात हात घातला. त्या उन्हात आत रांजणासारखं गार होतं.

बॅटरी पुन्हा कधी उतरली नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट सुधारलेत. पण प्रत्येक दुपारनंतर ललिताचा आवाज खोल जाई. मग तिला कपही उचलेना. गाडीला कुलूप लावलं, तर ती दाराला कान लावून बसू लागली.

आणि एका दुपारी, गाणं सुरू असताना, देवमनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो अनवाणीच पिंटूकडे धावला.

"वायर परत जोड. होती तशी."

"काहून जी? आता तर गाडी..."

"जोड म्हणतो ना! ते बॅटरीवरच चालू दे... तिच्यावर नको..."

दोघं परतले तेव्हा ललिता गाडीला टेकून बसली होती. हात मांडीवर, मान कलती. अंग गार. गाणं चालूच होतं. देवमन 'जोड, जोड' म्हणतच राहिला, तेव्हा पिंटूनं माळ्यावरचा टेप आणून वायर जोडली, मीटर लावला. बॅटरीतून थेंबभरही करंट जात नव्हता.

पिंटू पान्हेही न उचलता निघून गेला.

गाडी मोडीत काढण्यासाठी देवमननं आरटीओकडे रीतसर अर्ज केला. तपासणीत गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली, तेव्हा 'वाहन सुस्थितीत' असा शेरा पडला. गाणं रोज दुपारी लागतं. त्या वेळी देवमनला अलीकडे फार गळून जायला होतं. हातात पेन धरवत नाही.

अर्ज प्रलंबित आहे.